गुडघ्याचं ऑपरेशन, क्रिएटिनिन १.६ आणि 'प्रयोगशाळेतली किडनी'

पत्र

सप्रेम नमस्कार.

आम्ही केज तालुक्यातले (जि. बीड) शेतकरी. आई ६३ वर्षांची, वजन ६० किलो. बारा वर्षांपासून शुगर, आठ वर्षांपासून बीपी. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. "बसू देईना, उठू देईना" असं तिचं चाललंय. हाडांचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही वाट्या एकदमच बदलून टाका. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.६ आलं, म्हणून फिजिशियननी किडनीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितलं. तेवढ्यात पाहुण्यांनी एका सेंटरची जाहिरात पाठवली. ते लोक स्टेमसेल (मूळ पेशी) वाढवून गुडघ्यात टोचतात आणि किडनीसाठी सलाईनमधून देतात. खर्च साडेतीन लाख. दोन वर्षांत प्रयोगशाळेत किडनीच तयार होणार आहे, तोवर ऑपरेशनची घाई करू नका, असंही तिथं सांगितलं. आई रोज एक-दोन पेनकिलर घेते. आम्ही काय करावं? आणि ऑपरेशननंतर तिला खाली बसून भाकरी थापता येईल का? तिचा पहिला प्रश्न हाच आहे.

— एक मुलगा, केज तालुका

उत्तर

पत्रात तुम्ही पेनकिलरचा उल्लेख शेवटी केलात, मी तिथूनच सुरुवात करतो. ती गोळी आजपासून बंद करा. वाटी आज बदलायची की सहा महिन्यांनी, हे नंतर ठरवता येईल. गोळी मात्र रोज नुकसान करते आहे.

किडनीच्या गाळणीत जी बारीक रक्तवाहिनी रक्त आणून सोडते, ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन लागतं. तरुण, निरोगी माणसाला त्याची फारशी गरज पडत नाही. शुगर-बीपीनं थकलेली किडनी मात्र त्याच्याच जोरावर चालत असते. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या सगळ्या गोळ्या हेच रसायन अडवतात. म्हणून गुडघ्याचं दुखणं थांबतं, आणि म्हणूनच गाळणीत येणारं रक्तही कमी होतं. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर एकाच किडनीवर तीन बाजूंनी दाब येतो. आईच्या बीपीच्या गोळीचं पाकीट उलटं करून घटक वाचा. बऱ्याच गोळ्यांत ही दोन औषधं एकत्रच असतात. बीपीची गोळी मनानं बंद करू नका, बंद करायची ती पेनकिलर.

तिच्याऐवजी दुखण्यावर साधं पॅरासिटामॉल चालेल. पण मेडिकलवर "पॅरासिटामॉल द्या" म्हटलं तरी कित्येकदा असेक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी हातात पडते. पाकिटावर फक्त पॅरासिटामॉल लिहिलेलं पाहिजे. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, आणि दिवसाची बेरीज ३ ग्रॅमच्या आत. गुडघ्याला लावायच्या जेलमधून औषध रक्तात फार थोडं उतरतं. ते डॉक्टरांना विचारून थोडे दिवस चालेल, पण दोन्ही पाय माखून टाकायचे नाहीत. शेकायला हरकत नाही. मात्र शुगरमुळे पायाला चटका कळत नसेल, तर पाणी आधी तुमच्या हातावर घेऊन बघा. काठी डाव्या हातात द्या, कारण दुखरा गुडघा उजवा आहे. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी.

घटक न लिहिलेली 'सांधेदुखीची पुडी' घरात असेल तर ती फेकू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानंच बंद करा. अशा पुड्यांत पेनकिलर आणि स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. महिनोन्‌महिने स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं. मग पुडी एकदम बंद झाली किंवा ऑपरेशनचा ताण आला की बीपी कोसळतं. ही गोष्ट भूलतज्ज्ञाला आधी कळलीच पाहिजे.

आता १.६ चा अर्थ. क्रिएटिनिन हा कच्चा आकडा आहे. वय आणि बाई की पुरुष हे धरून त्यावरून ई-जीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते याचा अंदाज. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्रानं तुमच्या आईचा ई-जीएफआर ३६ येतो. ३० ते ४४ म्हणजे टप्पा ३ब, मध्यम ते बऱ्यापैकी कमी झालेलं काम. पण हा आकडा पेनकिलर चालू असतानाचा आहे. गोळी बंद करून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. क्रिएटिनिन १.२ वर आलं तर ई-जीएफआर ५१ होतो, आणि मग ऑपरेशनचं सगळंच बोलणं बदलतं. शिवाय हा बिघाड तीन महिने टिकून राहिल्याशिवाय त्याला जुनाट किडनीविकार म्हणतही नाहीत.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी लघवीतल्या अल्ब्युमिनचं (एका प्रथिनाचं) क्रिएटिनिनशी गुणोत्तरही करून घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीवर होतं. ३० च्या आत चांगलं, ३०० च्या वर म्हणजे गाळणीच फाटत चालली आहे. सोबत पोटॅशियम, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आणि किडनीची सोनोग्राफी. एवढे कागद हातात असले म्हणजे किडनीच्या डॉक्टरांची पहिली भेट वाया जात नाही.

तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं बोलणं एकमेकांच्या विरोधात नाही. ई-जीएफआर ३६ असताना गुडघा बदलता येतो, रोज बदलले जातात. फक्त दोन्ही एकदम नको, हे माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही गुडघे एका बैठकीत म्हणजे रक्तस्राव जास्त, भुलेखालचा वेळ जास्त, बीपी खाली जाण्याची संधी जास्त, आणि नंतर दुखणंही दुप्पट. म्हणजे पुन्हा पेनकिलरचा मोह. एकाच मुक्कामात आणि एकाच खर्चात काम उरकतं हे खरं, पण ते किडनी धडधाकट असणाऱ्यांसाठी. आधी उजवा करा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन जुन्या पातळीवर असेल तर डावा. कित्येकांचा दुसरा गुडघा पहिला सुधारल्यावर निम्म्यानं शांत होतो, कारण भार वाटला जातो.

ऑपरेशनआधीच्या दोन महिन्यांत खरी कमाई आहे. हिमोग्लोबिन १० च्या आत असेल तर तारीखच घेऊ नका. किडनी कमी चालते तेव्हा रक्त बनवण्याचा निरोप देणारं हार्मोनही कमी होतं, वर पेनकिलरनं पोटातून थोडं थोडं रक्त गेलेलं असतं. लोहाचं इंजेक्शन दिलं तरी रक्त भरायला तीन-चार आठवडे लागतात. आदल्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही, मग रक्ताची बाटली चढवावी लागते. एचबीए१सी साडेसात-आठच्या आत आणा, त्याच्या वर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. एक खोच आहे: रक्त कमी असताना एचबीए१सी चुकीचा दिसू शकतो, म्हणून घरच्या ग्लुकोमीटरचे आठ-दहा दिवसांचे आकडे वहीत लिहून न्या. पोटॅशियम साडेपाचच्या वर असेल तर भूल पुढं ढकलतात. किडलेला दात असेल तर आधी काढा. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर किमान तीन महिने ऑपरेशन नको, सांध्यात जंतू शिरण्याचा धोका वाढतो. लघवीच्या तपासणीत नुसते जंतू दिसले, पण जळजळ-ताप काही नाही, तर त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. उगाच दिलं तर किडनीवर आणखी एक ओझं.

मांडीचा पुढचा स्नायू आत्तापासूनच कमवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबून पाच ते दहा सेकंद धरायचा, सोडायचा. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. हा स्नायू पेंगलेला असेल तर वाटी कितीही भारी बसवा, चाल लंगडीच राहते.

शुगरच्या गोळ्यांकडे वेगळं लक्ष हवं. मेटफॉर्मिन चालू असेल तर ई-जीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत आणि ३० च्या खाली बंदच करतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी किडनीला चांगली, पण ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवावी लागते. नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साचतं आणि शुगर मात्र फार वाढलेली दिसत नाही. त्यामुळे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. टेल्मिसार्टनसारखी गोळी साधारणपणे ऑपरेशनच्या सकाळी देत नाहीत आणि बीपी व क्रिएटिनिन स्थिरावल्यावर पुन्हा सुरू करतात. पुन्हा सुरू करायचं राहून जातं, डिस्चार्जच्या कागदावर तारखेसकट लिहून घ्या.

ऑपरेशनच्या दिवशी किडनीचं नुकसान बहुतेक वेळा सुरीनं होत नाही, कोरडेपणानं आणि उतरलेल्या बीपीनं होतं. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" असं सांगून पेशंट दुपारी दोनला टेबलावर घेतला, तर चौदा तास किडनी सुकलेली असते. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. जुन्या शुगरमध्ये पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून हे भूलतज्ज्ञाला विचारूनच. आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. शुगरच्या पेशंटला तो द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

भूलतज्ज्ञाला आणि सर्जनला विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, तोंडी राहतात. कमरेतून भूल देणार का? सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली जाऊ देणार नाही ना? रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड लघवीवाटे बाहेर पडतं, त्याचा डोस किडनीप्रमाणे कमी केला का? जंतुसंसर्ग टाळायला सेफाझोलिन देतात, चीर घेण्याआधीच्या तासाभरात. ते योग्य. किडनीला जड पडणारं जेंटामायसिन शिरेतून मात्र नको. हाडाच्या सिमेंटमध्ये थोडं जेंटामायसिन मिसळलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. सिमेंटमधून रक्तात अगदी कमी उतरतं.

एक जागा अशी आहे की जिथं चांगल्या रुग्णालयातही चूक होते. वाटी बसवून झाली की जखम शिवण्याआधी सर्जन सांध्याभोवती बधिरतेच्या औषधाचं मिश्रण टोचतात. त्यात रोपिव्हॅकेन किंवा बुपिव्हॅकेन असतं, अ‍ॅड्रेनॅलिन असतं आणि बऱ्याच ठिकाणी केटोरोलॅकही असतं. केटोरोलॅक म्हणजे पुन्हा तीच पेनकिलर, तीही जोरकस. केसपेपरवर ठळक 'पेनकिलर नाही' लिहिलेलं असतं, वॉर्डातली सिस्टर ते पाळते, आणि हे मिश्रण मात्र ऑपरेशन थिएटरच्या ठरलेल्या कृतीनं तयार होतं. म्हणून "मिश्रणात केटोरोलॅक घालू नका" हे नाव घेऊन सांगा. मांडीतल्या नसेभोवती बधिरतेचं इंजेक्शन, शिरेतून पॅरासिटामॉल आणि लागलं तर बेतानं ट्रामाडॉल, एवढ्यात पहिले दोन दिवस निघतात. मॉर्फिनचे अवशेष कमकुवत किडनीत साचतात, माणूस गुंगीत जातो. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबॅलिन दिलं तर अगदी छोटा डोस.

नंतरचे दोन दिवस तुमचं काम लघवी मोजण्याचं. वजन ६० किलो म्हणजे तासाला किमान ३० मिली. सलग सहा तासांत १८० मिलीच्या खाली राहिली तर सिस्टरला उठवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका. क्रिएटिनिन पहिल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासायला लावा. ४८ तासांत ०.३ नं वाढलं, म्हणजे १.६ चं १.९ झालं, की त्याला किडनीची तातडीची इजा म्हणतात. कागदावर तो फरक किरकोळ दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो. घरी आल्यावर टाके काढायच्या सुमारास, दहाव्या दिवशी पुन्हा एकदा. पायातल्या शिरेत गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध मिळेल. एनोक्सापॅरिनसारख्या इंजेक्शनचा डोस किडनीचं काम ३० च्या खाली गेलं की कमी करावा लागतो. डिस्चार्जच्या औषधांत पेनकिलर पुन्हा घुसते. मेडिकलचं बिल देण्याआधी प्रत्येक नाव वाचा.

काळ कोणता निवडायचा? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, टँकरची वाट बघावी लागते, घाम आणि जुलाब दोन्ही किडनीला सुकवतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बरं. फक्त कापसाच्या वेचणीत घरातलं कुणी मोकळं नसतं, आणि पहिले सहा आठवडे एक माणूस तिच्याजवळ लागतंच. ते आधी ठरवा.

आता त्या साडेतीन लाखांकडे. गुडघ्यासाठी पेशी वाढवण्याचं शास्त्र खरं आहे, म्हणूनच जाहिरात पटते. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली २३ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. सांध्याच्या कमी भाराच्या जागेतून कूर्चेचा (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचा) छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि खड्डा पडलेल्या जागी परत भरायच्या. भारतातही मान्यता मिळालेलं असं उत्पादन आहे. पण ते कोणासाठी? खेळताना किंवा गाडीवरून पडून कूर्चेचा एक टवका उडालेल्या तरुणासाठी, ज्याच्या टवक्याभोवतीची कूर्चा शाबूत आहे. तुमच्या आईच्या गुडघ्यात हाडाला हाड घासतंय. तिथं पेशी टोचणं म्हणजे भिंतच पडली असताना गिलावा करणं.

किडनीसाठी सलाईनमधून पेशी देण्याला तर एवढाही आधार नाही. शिरेतून गेलेल्या या पेशी आधी फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, किडनीपर्यंत फारशा पोचतच नाहीत. आणि थेट किडनीत टोचल्या तर? थायलंडमधल्या एका रुग्णाचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. ल्युपसमुळे (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारामुळे) किडनी खराब झाली होती, स्वतःच्याच पेशी किडनीत टोचल्या होत्या, आणि तिथं रक्तवाहिन्या व मज्जेच्या पेशींच्या गाठी वाढल्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सरळ आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं, तर स्टेमसेलचा कुठलाही उपचार मान्य उपचार नाही, तो फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतो. चाचणीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा त्या सेंटरला एकच प्रश्न विचारा: सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) मधला नोंदणी क्रमांक काय? क्रमांक दिला तर त्या संकेतस्थळावर टाकून बघा, आजार कोणता, रुग्णालय कोणतं, सगळं उघड लिहिलेलं असतं. क्रमांक नाही आणि साडेतीन लाख मात्र आहेत, तर पुढचं बोलणं संपलं.

आणि 'दोन वर्षांत किडनी'? इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण यामागचं संशोधन थोर आहे आणि जाहिरातवाले त्याचंच नाव वापरतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशी मागं नेऊन गर्भातल्यासारख्या कोऱ्या केल्या, २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. २०१५ साली मेलबर्नमधल्या मिनोरू ताकासातो आणि मेलिसा लिटल यांच्या गटानं या कोऱ्या पेशींपासून किडनीचा ऊतक वाढवून दाखवला. सात दिवस पेशी बशीत पातळ थरात वाढवतात, ठरलेल्या दिवशी ठरलेली रसायनं देतात. मग सुमारे पाच लाख पेशींची एक गोळी करून सच्छिद्र पडद्यावर ठेवतात. खालून पोषक द्रव, वर हवा, तापमान ३७ अंश. साधारण साडेतीन आठवड्यांत त्या गोळीत गाळण्या आणि नळ्या आपोआप मांडल्या जातात.

मग अडतं कुठं? ती गोळी काही मिलीमीटरची, तिच्यात गाळण्या शंभराच्या आसपास. तुमच्या-आमच्या एका किडनीत सरासरी दहा लाख. गोळीतली किडनी वयानं पहिल्या तिमाहीतल्या गर्भाएवढी असते, आणि जास्त दिवस ठेवली तर पिकत नाही, उलट त्यात चिवट तंतू वाढतात, मेंदूच्या आणि स्नायूच्या भलत्याच पेशी उगवतात. त्याहून मोठी अडचण नळजोडणीची. दोन्ही किडन्यांतून मिनिटाला लिटरभर रक्त जातं. गोळीला ना तेवढं रक्त आणणारी धमनी, ना लघवी बाहेर नेणारी नळी. कूर्चा वाढवता येते, कारण तिच्यात पेशी मुख्यतः एकाच जातीच्या आणि रक्तवाहिन्या नाहीतच. किडनीत वीसहून अधिक जातींच्या पेशी आपापल्या जागी लागतात आणि सगळ्यांना रक्त लागतं. पेशींच्या या गोळ्यांचा आजचा उपयोग औषध किडनीला किती मारक आहे ते तपासणं आणि आनुवंशिक आजार समजून घेणं हा आहे.

किडनीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचा फायदा तुमच्या घरानं एव्हाना घेतलाही असेल. माकडाच्या किडनीपासून १९६२ साली जपानमध्ये तयार झालेली 'व्हेरो' नावाची पेशीमालिका जगभर वापरतात. कोव्हॅक्सिनचा विषाणू तिच्यावरच वाढवला जातो, कुत्रा चावल्यावर देतात त्या अनेक लशींचाही.

दुसरी बातमी तुम्ही वाचली असेल ती डुकराच्या किडनीची. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी जिवंत रुग्णाला बसवली. रुग्ण सुमारे दोन महिने जगला. पुढचे प्रयत्न चालू आहेत, पण तेही डायलिसिसवर असलेल्यांसाठी. तुमच्या आईची किडनी चालते आहे. तिला नवी किडनी नको आहे, आहे ती पुढची वीस वर्षं पुरवायची आहे. त्यामुळे प्रयोगशाळेकडे डोळे लावून गुडघ्याचं ऑपरेशन थांबवण्यात काही हशील नाही, उलट त्या दोन वर्षांत रोज दोन म्हणजे चौदाशेच्या वर पेनकिलर पोटात जातील.

पैशाचं बोलू. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण संचाची मर्यादा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये होती. पुढं तिच्यात बदल होत गेले, म्हणून सध्याचा आकडा विचारा आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. संचात मांडीच्या हाडावरची धातूची टोपी, नडगीवरची धातूची बैठक, मध्ये पॉलिथिनची गादी आणि लागली तर वाटीमागची चकती एवढं असतं. प्रत्येक भागाच्या खोक्यावर लॉट नंबरचं स्टिकर असतं, त्यांची एक प्रत तुमच्या फाइलला लावून घ्या. पंधरा वर्षांनी गादी बदलायची वेळ आली तर तोच कागद लागतो. जाहिरातींतला 'सोनेरी गुडघा' (सोनेरी लेपाचा सांधा) किंवा 'रोबोट'नं केलेलं ऑपरेशन यांचा किडनीशी काही संबंध नाही. परदेशांतल्या मोठ्या नोंदींचा २०१९ साली एकत्र अभ्यास झाला, त्यात साधे सांधेही शंभरातले ८२ पंचवीस वर्षं टिकलेले दिसले.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं, ते आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ, लातूरही फार लांब नाही. कुठंही गेलात तरी किडनीचे डॉक्टर बोलावल्यावर येतात का आणि रात्री-बेरात्री डायलिसिस मशीन त्याच इमारतीत चालू असतं का, हे विचारून घ्या. ई-जीएफआर ३६ ला त्याची गरज बहुधा पडणार नाही. पडलीच तर अँब्युलन्समध्ये तास घालवण्यापेक्षा जिना उतरणं बरं.

राहिला आईचा प्रश्न. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. खुर्चीवरून उठायला, जिना चढायला, एसटीत बसायला तेवढं पुरतं. उकिडवं बसायला आणि मांडी घालायला १३० च्या पुढं लागतं. काहींना जमतं, पण गादीवर तिरपा भार येऊन ती लवकर झिजते, म्हणून तो हट्ट नको. भाकरी थापता येईल, पण खाली बसून नाही. ओटा नसेल तर परात आणि शेगडी मांडीच्या उंचीच्या टेबलावर घ्या, टेकायला उंच स्टूल द्या. खुरपायला वावरात उकिडवं बसणं मात्र सुटलं, हे तिला आत्ताच सांगा, ऑपरेशननंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटेल. संडास देशी असेल तर ऑपरेशनच्या आधीच कमोड बसवून घ्या, निदान वर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. बैठक दीड फुटाच्या आसपास, उठायला भिंतीला लोखंडी दांडा, आणि दांडा सिमेंटनं पक्का झालाय का, ते आधी स्वतः लोंबकळून बघा.